चौकांचा उपासक : कामिलो सिट्टे



आपल्या भाषेंत ‘चौक’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. वाड्याच्या मधोमध, चारी बाजूंनीं सोप्यांनीं वेढलेली जी उघडी जागा असते तोहि चौक, आणि गांवांत दोन रस्ते एकमेकांना छेदतात तोहि चौक. पहिल्या चौकांत माणसें बसतात, मुलें खेळतात, मंगलकार्याचा मांडव पडतो. दुसऱ्या चौकांतून माणूस जीव मुठींत धरून पलीकडे जातो. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांत केवढें अंतर पडलें आहे, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. परंतु सव्वाशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं व्हिएन्ना शहरांतील एका शाळेच्या प्रमुखानें नेमका हाच विचार केला. त्याला मराठी येत नव्हतें हें उघडच आहे. परंतु गांवाचा चौक हा त्या गांवाच्या घरांतला चौक असला पाहिजे, असेंच त्याचें म्हणणें होतें. त्याचें नांव कामिलो सिट्टे. त्याच्याविषयीं आज आपणांशीं बोलण्याचें योजिलें आहे.

सिट्टेचा जन्म व्हिएन्ना येथें १७ एप्रिल १८४३ रोजीं झाला. वडील फ्रान्झ सिट्टे हेहि स्थापत्यविशारदच. मुलगा योझेफस्टाट नांवाच्या भागांत पिआरिस्ट पंथाच्या धर्मगुरूंच्या विद्यालयांत शिकूं लागला. या विद्यालयापुढें एक लहानसा चौक आहे. एका अंगाला चर्चची दर्शनी बाजू, तिला लागून दोन्ही हातांना विद्यालयाच्या व मठाच्या इमारती. म्हणजे तीन बाजू बंद आणि चौथी रस्त्याकडे मोकळी. आंत पाऊल टाकलें कीं बाहेरचा गलबला मागें राहतो. पुढें सिट्टेनें आपल्या ग्रंथांत चांगल्या चौकांचे जे दाखले दिले त्यांत हा चौकहि आहे. मला यांत मोठें मर्म वाटतें. मुलें शाळेंत काय शिकतात हें आम्हां मास्तरांना परीक्षेवरून थोडेंबहुत कळतें. परंतु शाळेंत जातां येतां त्यांचे डोळे काय शिकतात याची परीक्षा कोणी घेत नाहीं.

पुढें त्यानें हाइनरिख फॉन फेर्स्टेल या नामांकित स्थापत्यविशारदाच्या हाताखालीं अध्ययन केलें, व विद्यापीठांत आयटेलबर्गर या पंडिताकडे कलेच्या इतिहासाचा अभ्यास केला. व्हिएन्नांतील मेखितारिस्ट या आर्मेनियन धर्मसंघाचें चर्च हें त्याच्या तरुणपणाचें काम. १८७५ सालीं साल्झबुर्ग येथें सरकारी कलाकौशल्य-विद्यालय निघालें तेव्हां त्याच्या संचालकपदावर त्याची नेमणूक झाली, आणि १८८३ सालीं तो व्हिएन्नाच्या तशाच विद्यालयाचा प्रमुख होऊन परत आला. मृत्यूपर्यंत तो शिक्षकच राहिला. चामड्यावरील नक्षी, मातीचीं रंगीत भांडीं, यथादर्शन चित्रणाची पद्धति, डोळ्याला दिसतें तें कसें दिसतें, अशा नाना विषयांवर त्यानें लेख लिहिले. संगीतांत तो रिचर्ड वाग्नेरचा निस्सीम भक्त. एका मुलाचें नांवहि त्यानें सीगफ्रीड असें ठेवलें. (दुसरा एक वाग्नेर पुढें या कथेंत यावयाचा आहे; त्या दोघांची गल्लत होऊं नये.)

प्रवासाचा त्याला मोठा नाद होता. नव्या गांवीं उतरल्यावर तो स्टेशनावरून गाडी करून थेट मुख्य चौकांत जाई, तेथील उत्तम पुस्तकांचें दुकान विचारून काढी, आणि दुकानदाराला तीनच प्रश्न विचारी : गांव पाहण्याला सर्वांत चांगला मनोरा कोणता, गांवाचा सर्वांत चांगला नकाशा कोणता, आणि सर्वांत चांगलें जेवण कोठें मिळतें? अशी त्याची आठवण सांगतात. यांतला तिसरा प्रश्न मला विशेष आवडतो. रिकाम्या पोटीं सौंदर्य दिसत नाहीं, हें त्या गृहस्थाला पक्कें ठाऊक होतें.

आतां त्या काळचें व्हिएन्ना डोळ्यांपुढें आणलें पाहिजे. जुन्या शहराभोंवतीं तट होता, व तटाबाहेर लष्करी सोयीसाठीं मोकळी ठेवलेली रुंद जागा होती. २० डिसेंबर १८५७ रोजीं सम्राट फ्रान्झ योझेफ यानें तट पाडण्याची आज्ञा दिली, आणि त्या जागीं रिंगस्ट्रासे नांवाचा, शहराला कड्यासारखा वेढणारा प्रशस्त राजमार्ग आंखण्यांत आला. १ मे १८६५ रोजीं त्याचें उद्घाटन झालें. (त्याच दशकांत मुंबईच्या किल्ल्याचा तटहि गव्हर्नर फ्रियर याच्या कारकीर्दींत पाडला जात होता, तटांचे दिवस तेव्हां सर्वत्रच भरले होते.) या राजमार्गावर संगीतनाट्यगृह, पार्लमेंट, नगरभवन, विद्यापीठ, नाट्यगृह अशीं एकाहून एक भव्य मंदिरें उठलीं. सारें जग तें पाहण्यास येऊं लागलें.

सिट्टेहि तें पाहत होता, आणि त्याला कांहीं तरी खुपत होतें. इमारती सुंदर आहेत, मग त्यांच्यामध्यें उभें राहिल्यावर मन उदास कां होतें? इटलींतल्या एखाद्या आडगांवच्या चौकांत, जेथें एकहि इमारत इतकी श्रीमंत नाहीं, तेथें पाय कां रेंगाळतात? ‘जुनें तें सोनें’ म्हणून सुस्कारा टाकला असता तर त्याचें नांव आज कोणीं घेतलें नसतें. त्यानें शिक्षकाप्रमाणें कारणें शोधलीं, मापें घेतलीं, आकृति काढल्या, आणि १८८९ सालीं ‘कलेच्या तत्त्वांनुसार नगररचना’ अशा अर्थाच्या नांवाचा एक आटोपशीर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं त्याची दुसरी आवृत्ति काढावी लागली.

त्या ग्रंथाचा आरंभ रोमन लोकांच्या फोरमपासून होतो. पॉंपेई येथील फोरम म्हणजे छप्पर नसलेलें एक दिवाणखानाच. चारी बाजूंना खांबांच्या ओसऱ्या, पुतळे कडेकडेनें मांडलेले, आणि मधली जागा मोकळी. घराला जसा आंतला चौक तसा शहराला फोरम, असें सिट्टे म्हणतो. येथें आपल्या शब्दाचा पहिला अर्थ मनांत धरला म्हणजे त्याचें सारें शास्त्र आपोआप उलगडतें. चौकाला भिंती पाहिजेत. त्याचा मध्य मोकळा पाहिजे. आंत येणारे रस्ते असे यावेत कीं त्यांच्यामुळें भिंतींना भगदाडें पडल्यासारखें दिसूं नये. यासाठीं त्यानें इटलींतील राव्हेना येथील मुख्य चर्चपुढच्या चौकाचा दाखला दिला आहे. तेथें प्रत्येक कोपऱ्यांतून एकच रस्ता निघतो, आणि प्रत्येक निराळ्या दिशेला, पवनचक्कीच्या पात्यांसारखा. परिणाम असा होतो कीं चौकांत कोठेंहि उभे रहा, एका वेळीं फार तर एकाच रस्त्यांतून नजर बाहेर जाते. बाकी सर्व बाजूंनीं घरांची भिंत सलग दिसते.

चर्च, महाल वगैरे मोठ्या इमारती चारी बाजूंनीं मोकळ्या करून मैदानाच्या मध्यभागीं मांडण्याची त्या काळीं मोठी हौस होती. जुन्या मोठ्या चर्चना चिकटलेलीं लहान घरें पाडून त्यांना ‘मोकळा श्वास’ देण्याचा सपाटाच चालला होता. पूर्वजांची रीत काय होती, हें पाहण्यासाठीं सिट्टेनें रोम शहरांतील चर्चें मोजलीं. एकूण २५५. त्यांपैकीं एका बाजूनें दुसऱ्या इमारतींना लागून असलेलीं ४१, दोन बाजूंनीं लागलेलीं ९६, तीन बाजूंनीं ११०, चारी बाजूंनीं वेढलेलीं २, आणि सर्वतोपरी मोकळीं अशीं अवघीं ६. गणित शिकवणाऱ्या कोणालाहि ही बेरीज करून पाहिल्याशिवाय राहवणार नाहीं; ती बरोबर येते. वादविवादांत ‘पूर्वजांची परंपरा’ हे शब्द आपण फार सैलपणें वापरतों. या मनुष्यानें परंपरा मोजून दाखविली.

मायकेलअँजेलोच्या ‘डेव्हिड’ या पुतळ्याची हकीगत त्यानें अशीच सांगितली आहे. हा प्रचंड पुतळा १५०४ सालीं फ्लॉरेन्सच्या जुन्या राजवाड्याच्या दरवाज्याशेजारीं, भिंतीला पाठ देऊन उभा केला गेला. मागें काळसर दगडाची भिंत, समोरून येणारीं जाणारीं सामान्य उंचीचीं माणसें. त्यामुळें पुतळा होता त्याहूनहि मोठा भासे. १८७३ सालीं त्याला तेथून हलवून कलामंदिरांत नेण्यांत आलें. सिट्टेला तें कलेचें तुरुंगच वाटलें. पुढें शहराबाहेरील टेकडीवर एका विस्तीर्ण मैदानाच्या बरोबर मध्यावर त्याची कांस्य प्रतिकृति बसविण्यांत आली. आणि तेथें तो महापुरुष माणसाएवढाच दिसूं लागला. पुतळा तोच, जागा चुकली.

मग पुतळे, कारंजीं हीं पूर्वीचे लोक नेमकीं कोठें बसवीत? याचें उत्तर त्याला ग्रंथांत सांपडलें नाहीं. मुलांच्या खेळांत सांपडलें. त्या थंड देशांत हिवाळ्यांत खेड्याच्या चौकावर बर्फ पडतें, आणि गाड्यांच्या व माणसांच्या वर्दळीनें त्यांत वाटा उमटतात. मुलें बर्फाचा माणूस करतात तो या वाटांच्या मधल्या, कोणाचा पाय न पडलेल्या बेटावर. तीं बेटें वेडींवांकडीं असतात व बहुधा मध्यावर नसतात. जुन्या गांवांतलीं कारंजीं व स्मारकें अशाच जागीं उभीं आहेत, असें सिट्टेनें दाखविलें. पाडुआ येथें डोनाटेल्लोनें केलेला गट्टामेलाता सेनापतीचा अश्वारूढ पुतळा चर्चपुढें आहे, पण समोरासमोर नाहीं, बाजूला. कंपास घेऊन मध्यबिंदु काढणाऱ्या अधिकाऱ्याला ती जागा सांपडली नसती. बर्फाशीं खेळणाऱ्या पोराला सांपडली असती.

कागद आणि डोळा यांच्यांतला हा तंटा त्याच्या ग्रंथांत पानोपानीं आहे. जुन्या चौकांचे नकाशे पाहिले तर ते तिरपेतारपे, कोठें रुंद कोठें अरुंद असे दिसतात. परंतु प्रत्यक्ष उभे राहिल्यास तो तिरपेपणा डोळ्यांना जाणवतहि नाहीं. उलट, नव्या वसाहती कागदावर नक्षीसारख्या सुरेख, आणि प्रत्यक्षांत कंटाळवाण्या. टी-पट्टी व त्रिकोण घेऊन आंखलेले चौरस, तारे व त्रिकोण पक्ष्यांनाच दिसणार, माणसाला नाहीं. रस्ते छेदण्याच्या बाबतींतहि त्यानें हिशेब मांडला. एक रस्ता दुसऱ्याला येऊन मिळतो तेथें गाड्यांचे मार्ग एकमेकांना फक्त ३ ठिकाणीं छेदतात. दोन रस्ते एकमेकांना भेदून गेले कीं अशीं ठिकाणें १६ होतात. चारी दिशांना दोहों बाजूंची वाहतूक धरून कागदावर रेघा मारून पहाव्या; उत्तर तेंच येतें. अनेक रस्ते एका बिंदूंत आणून सोडणाऱ्यांना हें गणित कळूं नये याचें त्याला नवल वाटे. अशा जागीं मध्यभागीं पादचाऱ्यासाठीं एक लहानसें बेट करतात, व त्यावर गॅसचा दिवा दीपगृहासारखा उभा असतो. हें बेट म्हणजे आधुनिक नगररचनेचा कदाचित् सर्वांत थोर शोध होय, असा टोमणाहि त्यानें मारला आहे. मोकळ्या विस्तीर्ण जागेंत कित्येक माणसांना घाबरें होतें, या मानसिक विकाराचें वर्णन तेव्हां वैद्यांनीं नुकतेंच केलें होतें. सिट्टेला त्या रोग्यांची कींव तर आलीच, पण तसे मैदानांत एकटे सोडलेल्या पुतळ्यांनाहि तोच रोग होत असेल अशी त्याला शंका आली.

ग्रंथाच्या अखेरीस तो स्वतःच्या शहराकडे वळतो. रिंगस्ट्रासेजवळ फोटिव्हकिर्खे नांवाचें दोन निमुळत्या शिखरांचें चर्च आहे. त्याचा कर्ता फेर्स्टेल, म्हणजे सिट्टेचा गुरु. १८७९ सालीं तें पुरें झालें, व १८८३ सालीं फेर्स्टेल वारला. अशा गुरूच्या सर्वांत गाजलेल्या कृतीविषयीं लिहितांना शिष्याची लेखणी अडखळली असेल. परंतु सिट्टेनें चर्चला नांवें ठेविलीं नाहींत. तें बेघर आहे म्हणून तो हळहळला. त्याच्यापुढें एक भलें मोठें त्रिकोणी पटांगण पसरलें आहे, व त्यांत त्या नाजुक इमारतीचा जीव घाबरा होतो. त्यानें सुचविलें कीं चर्चसमोर कमानींच्या ओसऱ्यांचा वेढा घालून एक बंदिस्त चौक करावा, आणि उरलेल्या जागीं इमारती बांधाव्या. नगरभवन, पार्लमेंट, नाट्यगृह यांच्यापुढेंहि असेच लहान लहान चौक पाडून दाखविणारे आराखडे त्यानें दिले. ते सारे कागदावरच राहिले. कागदाचा एवढा द्वेष करणाऱ्याच्या नशिबीं हेंच यावें!

आतां दुसरी बाजू मांडली पाहिजे, नाहीं तर अन्याय होईल. व्हिएन्नाची लोकसंख्या १९०० सालीं सोळा लाखांवर गेली होती. १८९३ सालीं सबंध शहराच्या आराखड्यासाठीं स्पर्धा झाली तेव्हां पहिलें पारितोषिक योझेफ श्ट्युबेन व ऑटो वाग्नेर या दोघांना विभागून मिळालें. हाच तो दुसरा वाग्नेर. गरज हीच कलेची एकमेव स्वामिनी, हें त्याचें ब्रीद. लाखों माणसांना रोज कामावर जावयाचें आहे, त्यांना आगगाडी पाहिजे, सरळ रस्ता पाहिजे, स्वच्छ हवा व पाणी पाहिजे, असें तो म्हणे. आणि त्यानें शहराच्या लोहमार्गाचीं स्टेशनें अशीं बांधलीं कीं आजहि लोक तीं पाहण्यास जातात. मला विचाराल तर वाग्नेरचें म्हणणें खोडून काढण्याजोगें नाहीं. सिट्टेच्या ग्रंथांत कामकऱ्यांच्या चाळी जवळ जवळ नाहींतच. ज्याच्या घरांत उजेड नाहीं त्याला चौकाच्या भिंतींचें कौतुक किती असणार? मात्र सिट्टेला याची जाणीव नव्हती असें नाहीं. सामाजिक तत्त्वांनुसार नगररचना कशी असावी, यावर दुसरा भाग लिहिण्याचा त्याचा संकल्प होता. तो लिहून झाला नाहीं. आणि एकट्या गरजेला स्वामिनी केल्यावर पुढच्या काळांत किती शहरें राहण्याजोगीं उरलीं, हेंहि आपण पाहिलेंच आहे.

प्रत्यक्ष काम करण्याची संधि त्याला मोठ्या राजधानींत मिळाली नाहीं. लहान गांवांनीं दिली. मोराव्हियांत प्शीव्होझ नांवाचें कोळशाच्या खाणींजवळचें एक वाढतें गांव होतें. आज तें चेक प्रजासत्ताकांतील ऑस्ट्रावा शहराचा भाग आहे. तेथें त्यानें चौक आंखला, चौकावरचें चर्च बांधलें आणि नगरभवनहि बांधलें. धूर व काजळीच्या त्या गांवाला आपल्या मनांतला चौक देतांना त्याला काय वाटलें असेल! ल्युब्लियाना शहर १४ एप्रिल १८९५ च्या भूकंपानें उध्वस्त झालें तेव्हां त्याच्या पुनर्रचनेसाठींहि त्यानें आराखडा केला. परंतु तेथील नगरसभेनें माक्स फाबियानी या तरुणाचा आराखडा पसंत केला. हा फाबियानी त्या वेळीं ऑटो वाग्नेरच्या कचेरींत काम करीत होता.

शत्रूंपेक्षां भाषांतरकारानें सिट्टेचें अधिक नुकसान केलें असें म्हणतां येईल. १९०२ सालीं कामीय मार्तां यानें ग्रंथाचें फ्रेंच भाषांतर केलें. त्यांत मूळचे कित्येक जर्मन दाखले गाळून दुसरे घातले, आणि रस्त्यांवर एक सबंध प्रकरण पदरचें जोडलें. त्यामुळें सिट्टे म्हणजे वांकड्यातिकड्या गल्ल्यांचा भक्त, असा समज देशोदेशीं पसरला. वास्तविक तो वांकडेपणाचा पुरस्कर्ता नव्हता. त्याचा सारा जीव चौकांत होता. ल कॉर्ब्युझ्ये हा पुढें जगप्रसिद्ध झालेला स्थापत्यविशारद तरुणपणीं सिट्टेच्या विचारांनीं भारावून गेला होता व १९१० च्या सुमारास त्याच धर्तीवर एक ग्रंथहि लिहीत होता. मग मन फिरलें. १९२५ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें वांकडा रस्ता हा गाढवाचा रस्ता व सरळ रस्ता हा माणसाचा रस्ता असें ठरवून टाकलें, आणि सिट्टेच्या पुस्तकाचीहि संभावना केली. हाच ल कॉर्ब्युझ्ये १९५० नंतर आपल्या देशांत चंडीगड आंखण्यास आला. तेथील उच्च न्यायालय व विधानसभा यांच्यामध्यें जें अफाट कॉंक्रीटचें पटांगण आहे, त्याच्या मध्यावर उन्हाळ्यांत दुपारीं एकदां उभें राहून पहावें. दोन्ही इमारती थोर आहेत याबद्दल मला शंका नाहीं. शंका येते ती एवढीच कीं, हें पटांगण आंखणाऱ्याला आपल्या विशींतलें वाचन आठवलें असेल काय.

१९०३ सालीं सिट्टेनें थिओडोर ग्योके या बर्लिनच्या नगररचनाकाराबरोबर केवळ नगररचनेला वाहिलेलें एक मासिक काढण्याची सिद्धता केली. लेख जमले, नांव ठरलें. १६ नोव्हेंबर रोजीं सिट्टेचा अंत झाला. जानेवारी १९०४ चा पहिला अंक त्याच्या नांवानेंच निघाला, पण तो त्यानें पाहिला नाहीं.

फोटिव्हकिर्खेपुढचें तें त्रिकोणी पटांगण आजहि मोकळेंच आहे. तेथें आतां हिरवळ आहे, आणि जवळच्या विद्यापीठांतील मुलें ऊन पडलें कीं पुस्तकें घेऊन तीवर बसतात. जमिनीखालीं मोटारी ठेवण्याचें तळघर आहे. बाजूनें ट्राम-गाड्या जातात. चर्चचीं दोन शिखरें दूरवरून फार सुंदर दिसतात. जवळ गेल्यावर मात्र तें अजूनहि कोणाची तरी वाट पाहत एकटें उभें असल्यासारखें वाटतें.